बॅटरी नवी, सेल्फ खोललेला, तरी यार्डात गाडी उठेना: एका जुन्या पिकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी म्हणजे पंधरा वर्षांपुढची डिझेल पिकअप, एमएच १३ पासिंग, हौद्यात सव्वा टनाच्या आसपास माल घेणारी. मालक मोहोळकडचे शेतकरी. स्वतःच्या वांगी-टोमॅटोबरोबर गावातल्या इतरांचाही भाजीपाला भरून गाडी पहाटे सोलापूरला हैदराबाद रोडवरच्या मार्केट यार्डात येते आणि परत जाताना मिळेल ते भाडं उचलते. कधी पेंडीची पोती, कधी एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे. गाडी चालवतो मालकांचा पुतण्या. ओळख पटेल असे बाकीचे तपशील आणि गाडीची कंपनी इथे मुद्दाम दिलेली नाही. तसाही हा दोष कुठल्या एका कंपनीचा नाही. जुन्या टेम्पोत, ट्रॅक्टरमध्ये, जीपमध्ये तो असाच सापडतो.

इंजिन जुन्या धाटणीचं. डिझेल पंप पूर्ण यांत्रिक. ना ईसीयू (इंजिनाचा कंप्यूटर), ना स्कॅनर जोडायला सॉकेट. अशा इंजिनाला चालू व्हायला वीज दोनच ठिकाणी लागते: सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटार) फिरवायला आणि पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड (डिझेलची वाट उघडणारा विजेचा व्हॉल्व्ह) उघडा धरायला. गार इंजिन पेटावं म्हणून आधी तापवणारे ग्लो प्लग या गाडीला नाहीत, आणि असते तरी सोलापूरच्या हवेत त्यांना वर्षभरात फारसं काम पडलं नसतं. वायरिंग एवढं थोडं असूनही तीन ठिकाणी पैसे घालून झाले आणि दोष जागेवरच राहिला. तो का राहिला, हाच या प्रकरणाचा विषय आहे.

तक्रार

पुतण्याच्या तोंडची तक्रार अशी होती: “पहाटे गावात एका चावीत चालू होतंय बगा वस्ताद. यार्डात माल उतरला की नाटक करतंय. टक पण वाजत नाही.”

पुढे विचारत गेल्यावर चित्र भरत गेलं. गार इंजिनावर अडचण नाही. तीस-पस्तीस किलोमीटर लोड ओढून आल्यावर इंजिन बंद केलं की पुन्हा चावीला दाद देत नाही. डॅशबोर्डचे दिवे लागतात, सेल्फ मात्र गप्प. अर्धा-पाऊण तास थांबलं की पुन्हा होते. यार्डात तेवढा वेळ कोण थांबू देतो? मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, मग हमाल धक्का देतात आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी लगेच पेटते.

न उठणाऱ्या गाडीची पहिली फोड करायची ती इथेच. इंजिन फिरतच नाही, की फिरतं पण पेटत नाही? दोन्हीला लोक “चालू होत नाही” असंच म्हणतात, पण दोन्ही वाटा अगदी वेगळ्या आहेत. धक्क्याला गाडी पेटते म्हणजे डिझेल येतंय, पंप ठीक आहे, स्टॉप सोलेनॉइडही उघडतोय. मग उरतो तो फक्त सेल्फचा रस्ता: बॅटरी, तिच्या दोन जाड केबल, सेल्फ, आणि चावीपासून सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत (‘टक’ करून मोठा करंट मोटारीला जोडणारा विजेचा स्विच) येणारी बारीक वायर.

दुसरा प्रश्न हेडलाइटचा. सेल्फ मारताना हेडलाइट लावून पाहिलीस का, असं विचारल्यावर तो म्हणाला, “लाइट झकास राहते की. हलत पण नाही.” बॅटरी खरंच बसली असेल तर सेल्फ मारताच हेडलाइट निखाऱ्यासारखी लाल होते आणि सोलेनॉइड कट-कट-कट करत राहतो. बॅटरीचं टर्मिनल सैल असेल तर सगळेच दिवे एकदम जातात. लाइट जशीच्या तशी राहते याचा अर्थ बॅटरीतून मोठा करंट निघतच नाहीये. वाटेत कुठेतरी तो अडतोय. हे समजायला मीटर लागत नाही. बॅटरी बदलण्याआधी हा प्रश्न कुणी विचारला असता, तर पुढची गोष्ट बरीच छोटी झाली असती.

आधी काय काय झालं होतं

तक्रार सुरू झाली जानेवारीच्या शेवटी. फेब्रुवारीत बॅटरी बदलली. जुनी तीन वर्षांची होती, मीटरवर १२.२ व्होल्ट दाखवत होती. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. दुकानदारानं आकडा पाहिला, “गेली” म्हणाला आणि नवी बसवली. मार्चच्या मध्यापर्यंत गाडी सुरळीत.

मार्चमध्ये तेच पुन्हा. या वेळी सेल्फ उतरवला. कार्बन नवे, मागचा बुश नवा, सोलेनॉइडचा प्लंजर (आतला सरकणारा दांडा) घासून साफ. बेंचवर बॅटरी लावून फिरवला तर भन्नाट फिरला. पुन्हा काही आठवडे बरे गेले.

एप्रिलच्या अखेरीस तिसरा उपाय झाला: बटण. बॅटरीपासून थेट वायर, डॅशबोर्डवर हॉर्नसारखं बटण, तिथून वायर सेल्फच्या ५० नंबरच्या टर्मिनलला, म्हणजे चावीची वायर सोलेनॉइडला जिथे येते तिथे. चावी फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवायची आणि सेल्फ बटणानं मारायचा. आपल्याकडे जुन्या टेम्पोंमध्ये हा जुगाड इतका रुळलेला आहे की काही मालकांना ते कंपनीचंच वाटतं. बटणानं फरक पडला, पण विचित्र. आता गरम इंजिनावर ‘टक’ वाजायला लागलं आणि सेल्फ फिरायचाही, पण कण्हत-कुथत. चार-पाच वेळा मारल्यावर कधी इंजिन पेटायचं, कधी नाही.

या जागी लक्षण बदललं होतं. आधी सोलेनॉइड उचलतच नव्हता. आता उचलत होता, पण मोटारीत दम नव्हता. घरी मात्र तक्रार जुन्याच शब्दांत राहिली, “यार्डात चालू होत नाही”. त्यामुळे आपल्यापुढे आता वेगळा प्रश्न उभा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गाडी आमच्याकडे आली ती मे महिन्यात, पारा ४२ च्या वर असताना.

पुढे असलेले पर्याय

मालकांच्या डोक्यात एकच पर्याय पक्का होता: नवा सेल्फ. “जुना खोलून झाला, आता नवाच टाका.” ते चुकीचं ठरलं असतं असं त्या दिवशी कुणीही छातीठोकपणे म्हणू शकलं नसतं. सेल्फ एक्झॉस्टच्या बाजूला असतो, तापतो, आणि तापलेला सेल्फ कुरकुर करतो हे खरंच आहे.

दुसरा पर्याय, सेल्फचं आणि चार्जिंगचं सगळं वायरिंग नव्यानं ओढायचं. यानं दोष बहुतेक गेला असता, पण कुठे होता ते कळलं नसतं, आणि गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली असती. ऐन हंगामात गाडी उभी ठेवणं मालकांना परवडणारं नव्हतं.

तिसरा, आहे तसं चालवायचं. बटण आहे, हमाल आहेत. पुतण्याची याला हरकत नव्हती. माझी होती. बटणाची वायर बॅटरीपासून बिनफ्यूजची होती आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या) पत्र्यातून ग्रोमेटशिवाय, म्हणजे रबरी कडीशिवाय गेली होती. पत्र्याच्या धारेवर इन्सुलेशन अर्धं घासलेलं दिसत होतं. ते पूर्ण घासलं की बॅटरी थेट बॉडीला शॉर्ट, आणि वायर पेटायला काही सेकंद पुरतात. शिवाय बटण डॅशबोर्डवर उघडं. गाडी गिअरमध्ये असताना कुणी ते दाबलं तर सेल्फच्या जोरावर गाडी पुढे उडी घेते. या गाडीला क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न लागण्याची सोय नाही.

चौथा पर्याय मोजायचा. त्यात अडचण एवढीच होती की दोष दुकानात यायला तयार नव्हता. गार गाडीवर सगळं ठीक. म्हणजे गाडी लोड ओढून तापेल तेव्हा, जिथे असेल तिथे मोजावं लागणार. आम्ही हाच पर्याय धरला, आणि मालकांना एवढंच सांगितलं की आकडे हातात आल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

गार गाडीवरची मोजणी

बॅटरी १२.६, चार्जिंग चालू इंजिनावर १४.१. म्हणजे अल्टरनेटर आणि बॅटरी दोन्ही बाजूला काढता येतात.

मग व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे करंट वाहताना वायरीत आणि सांध्यांत वाया जाणारे व्होल्ट. ही चाचणी आपल्याकडे फार कमी ठिकाणी होते, म्हणून थोडं सविस्तर. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर लावायचं. खुंटीवरच, क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर, सेल्फच्या बोल्टजवळ. स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून ठेवायची म्हणजे इंजिन पेटणार नाही, नुसतं फिरेल. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, चाकाला उटी (गाडी सरकू नये म्हणून अडण). आता सेल्फ मारायचा. ही दोन टोकं एकाच अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जाण्याच्या निगेटिव्ह वाटेची आहेत, तेव्हा त्यांच्यात फरक जवळपास शून्य दिसायला हवा. ०.२, फार तर ०.३ व्होल्ट चालतो. तेच पॉझिटिव्ह बाजूला, बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या ३० नंबरच्या (जाड केबलच्या) टर्मिनलपर्यंत अर्ध्या व्होल्टपर्यंत.

पॉझिटिव्ह बाजू निर्दोष निघाली. अर्थच्या बाजूला गार इंजिनावरच १.६ व्होल्ट. इंजिन फिरत होतं, पेटतही होतं, पण मर्यादेच्या पाच-सहापट ड्रॉप तिथे बसलेला होता.

गाडीखाली गेल्यावर कारण दिसलं. या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसिसला जाते, आणि चेसिसपासून गिअरबॉक्सच्या बोल्टला विणलेली तांब्याची एक पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे सेल्फचा सगळा करंट परत जायला हाच एक खरा रस्ता. पट्टीच्या एका टोकाला निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, आणि थिंबल (टोकाची धातूची कडी) रंगावर, गंजलेल्या वायसरखाली आवळलेलं. असं ते कधी आणि कसं झालं? पुतण्याला विचारलं, गिअरबॉक्स कधी उतरवला होता का. “दिवाळीनंतर क्लच प्लेट टाकली की.” गिअरबॉक्स खाली घेताना पट्टी सोडावी लागते, चढवताना ती घाईत कशीतरी लागली असणार. तीन ठिकाणी गाडी दाखवताना क्लचचं नाव कुणी काढलं नव्हतं, कारण क्लचचा आणि सेल्फचा संबंध असेल असं ना सांगणाऱ्याला वाटलं, ना ऐकणाऱ्याला.

पहिला निर्णयबिंदू: सापडला, थांबायचं का?

दुकानातल्या पोरांनी पट्टी सोडायला पाना हातात घेतलासुद्धा. दोष सापडला, बदला, द्या गाडी. माझं म्हणणं होतं, पट्टीला आत्ता हात लावू नका. खराब अर्थनं सेल्फ मंद फिरेल हे पटतं. बटण बसल्यानंतरची तक्रार त्यात बसते. पण मूळ तक्रार होती ‘टक पण वाजत नाही’. सोलेनॉइड उचलायला तीस-पस्तीस अँपिअर लागतात, सेल्फ फिरवायला शेकडो. एवढ्या थोड्या करंटला अर्थच्या पट्टीत जाणारा व्होल्टेज सोलेनॉइडला पूर्ण गप्प करण्याइतका असेल असं आकड्यांवरून वाटत नव्हतं. म्हणजे चावीच्या बाजूला आणखी काहीतरी असणार, आणि पट्टी बदलली की ते झाकलं जाणार.

म्हणून गाडी आहे तशीच लोडवर पाठवली, पण तारा ओढून. दोन मीटर केबिनमध्ये टेपनं चिकटवले. एक बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन, दुसरा बॅटरी पॉझिटिव्ह ते सेल्फचा ५० नंबर. पुतण्याला सांगितलं: माल उतरल्यावर आधी चावीनं मार, मग बटणानं, आणि दोन्ही वेळी मीटरचा मोबाईलवर व्हिडिओ घे. बटणाच्या वायरला त्याच दिवशी बॅटरीजवळ फ्यूज टाकला आणि घासलेल्या जागी नळी चढवली. चाचणीसाठी का होईना, बिनफ्यूजची गाडी रस्त्यावर पाठवायची नव्हती.

यार्डातले आकडे

व्हिडिओ हलता होता, मागे कुणीतरी शिव्या देत होतं, पण आकडे स्वच्छ दिसत होते.

चावीनं मारल्यावर टक नाही. बॅटरीच्या खुंटीपासून ५० नंबरपर्यंतच्या वाटेत ३.९ व्होल्ट गायब. त्याच क्षणी अर्थच्या बाजूला १ व्होल्ट. बॅटरीवर त्या वेळी १२.३ असतील असं धरलं तर सोलेनॉइडच्या वाट्याला ७.४ उरतात. बहुतेक सोलेनॉइडना खात्रीनं उचलायला आठच्या वर लागतात. त्यात कॉइल तापलेली. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो; पहाटे तीस अंशावर असलेली कॉइल लोड ओढून नव्वदला गेली की रोध जवळपास पाव पटीनं वाढतो आणि त्यामुळे तिची ओढ कमी होते. गारेत याच वाटेवर तिला साडेआठच्या पुढे मिळत होते आणि ती कशीबशी उचलत होती.

बटणानं मारल्यावर ५० नंबरच्या वाटेतला ड्रॉप फक्त ०.६. टक खणखणीत. पण आता मोटारीचा मोठा करंट सुरू होताच अर्थच्या मीटरवर ४.१ व्होल्ट. गारेत १.६ असलेला सांधा गरम होऊन आणखी सैल पडला होता. बॅटरीवर ११.५, त्यातले ४.१ अर्थमध्ये, ०.२ पॉझिटिव्ह केबलमध्ये, सेल्फच्या हाती ७.२. त्यावर तो कण्हणार नाही तर काय करणार?

हिशेब पुरा करायचा तर करंट साधारण १४० अँपिअर धरा. ४.१ ला १४० नं भागलं की ०.०३ ओहम येतो. साध्या मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो, त्यामुळे ओहमवर किंवा बीपवर ठेवून ही पट्टी तपासली असती तर मीटरनं ती उत्तम ठरवली असती. आधीच्या ठिकाणी एकानं तसं तपासलंही होतं, बीप वाजला होता. रोध कमी दिसला म्हणजे सांधा चांगला असं नाही. करंट वाहत असताना तिथे किती व्होल्ट बसतात ते पाहावं लागतं.

आता मागचे उपायही उलगडतात. नवी बॅटरी बसल्यावर सोलेनॉइडला जवळपास अर्धा व्होल्ट जास्त मिळाला आणि फेब्रुवारीच्या गारव्यात तो पुरला. मार्चमध्ये हवा तापली, अर्धा व्होल्ट खाल्ला गेला. मग प्लंजर साफ झाला, तो कमी व्होल्टेजवर उचलायला लागला. एप्रिलच्या उन्हानं तेही संपवलं. प्रत्येक उपायानं काठावरच्या गाडीला दोन पावलं आत ओढलं, आणि प्रत्येक वेळी ‘गाडी चालू झाली’ हाच दुरुस्तीचा पुरावा मानला गेला.

दुसरा निर्णयबिंदू: गाडी चालू झाली, जाऊ द्यायची का?

दुरुस्ती एक-एक करून करायची आणि मध्ये मोजायचं असं ठरवलं. आधी अर्थ. नवी विणलेली पट्टी, दोन्ही टोकांचा रंग पॉलिश पेपरनं धातू दिसेपर्यंत काढून, दातेरी वायसर, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. त्याशिवाय बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टपर्यंत एक जादा जाड केबल. उद्या पुन्हा क्लचचं काम निघालं आणि पट्टी राहिली, तरी गाडी अडणार नाही.

गाडी लोडवर पाठवली. गरम इंजिनावर चावीनंच चालू झाली. बटणाला हात न लावता, पहिल्या खेपेला.

मालक खूश. “झालं की वस्ताद. किती द्यायचे सांगा.” मलाही गाडी लवकर सोडायची होती, दुकानासमोर जागा नव्हती. पण ५० नंबरच्या वाटेत अजूनही तेच पावणेचार-चार व्होल्ट जात होते. अर्थ सुधारल्यामुळे सोलेनॉइडला ७.४ च्या जागी ८.४ मिळत होते, एवढंच. गाडी काठावरून थोडी आत आली होती. म्हणजे बॅटरी बदलल्यावर जे झालं, सेल्फ खोलल्यावर जे झालं, तेच चौथ्यांदा. बॅटरी वर्ष-दोन वर्षं जुनी झाली की पुन्हा यार्डात हमाल बोलवावे लागले असते. मालकांना मीटर दाखवला. आकडा त्यांना कितपत कळला माहीत नाही, पण “मार्चमध्ये पण असंच चालू झालं होतं” हे पुतण्यानंच त्यांना सांगितलं आणि ते गप्प बसले.

चावीची वाट उघडली. स्विचच्या मागचा प्लास्टिकचा कनेक्टर एका पिनेजवळ तपकिरी पडलेला, आतले संपर्क झिजलेले. या मॉडेलमध्ये सोलेनॉइडचा पूर्ण करंट चावीच्या स्विचमधूनच जातो, मध्ये रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच) नाही. इतकी वर्षं दिवसातून पंचवीस वेळा तीस-पस्तीस अँपिअर ओढल्यावर स्विचचं आणखी काय होणार? नवा स्विच टाकता आला असता, पण काही वर्षांनी तोही याच वाटेनं गेला असता. म्हणून कनेक्टरची पीन बदलली, स्विच तोच ठेवला आणि ४० अँपिअरचा रिले घातला. चावीची वायर रिलेच्या ८६ ला, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीपासून फ्यूजसह ४ चौरस मिलिमीटरची वायर, ८७ सेल्फच्या ५० ला. आता चावीतून रिलेच्या कॉइलपुरता, पाव अँपिअरहूनही कमी करंट जातो.

बटण सेल्फवरून काढलं. मालकांना ते डॅशबोर्डवर राहू द्यायचंच होतं, “असू द्या की, वेळेला उपयोगी.” शेवटी त्यावर फ्यूज टाकून हौद्यातला दिवा जोडून दिला. पहाटे माल उतरवायला तो खरंच उपयोगी पडतो.

निकाल

सगळं झाल्यावर गरम गाडीवर पुन्हा मोजलं. ५० नंबरच्या वाटेतला ड्रॉप ०.५. सेल्फ फिरताना अर्थ ०.२, पॉझिटिव्ह ०.४, सेल्फवर ९.८, बॅटरीवर १०.४. शेवटचा आकडा पाहून एका पोरानं विचारलं, आधी ११.५ होते, आता तर बॅटरी जास्त बसतेय? तसंच व्हायला हवं. आधी करंट अडत होता म्हणून बॅटरी आरामात होती. आता सेल्फला हवा तेवढा, जवळपास दुप्पट करंट मिळतोय. फिरताना बॅटरी साडेनऊच्या वर राहते तोवर चिंता नाही.

मे आणि जून यार्डात अडचणीविना गेले. जुलैत पाऊस सुरू झाल्यावर पुतण्याचा फोन आला, मालक मागून म्हणत होते “पुन्हा तेच झालं”. पुतण्या म्हणाला, “तेच नाही वस्ताद. फिरतंय झकास, पेटत नाही.” त्याला चावी ‘ऑन’ करून पंपाजवळ कान द्यायला सांगितलं. स्टॉप सोलेनॉइडचा टक नव्हता. फ्यूज काढून, पुसून पुन्हा बसवल्यावर टक आला आणि गाडी सुरू झाली. फ्यूज होल्डरमध्ये हिरवा गंज चढला होता, दुसऱ्या दिवशी तो बदलला. या दोषाचा आधीच्याशी काही संबंध नव्हता.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त वळण क्लचच्या कामानंतरचं होतं. गिअरबॉक्स चढवल्यावर बॅटरी निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यात मीटर लावून एकदा सेल्फ मारायचा, एवढंच. चेसिस-इंजिनाची पट्टी सुटते अशा कुठल्याही कामानंतर हे करायला हवं, आणि गाडीवाल्यानंही पुढच्या मिस्त्रीला गेल्या सहा महिन्यांत काय-काय उघडलं होतं ते सगळं सांगावं, संबंध वाटो न वाटो.

बॅटरीच्या दुकानात १२.२ चा आकडा बॅटरी बाद करायला पुरेसा नव्हता. निम्मी चार्ज असलेली बॅटरी आधी चार्ज करून मग लोडवर तपासायची असते. पण दुकानदारालाच दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक घाईत होतं, यार्डातून धक्का मारून आलेलं, आणि त्याला बॅटरीच हवी होती.

सेल्फच्या बाबतीत मात्र मला वेगळं वाटतं. पुतण्यानं जुने कार्बन आणि बुश पिशवीत जपून ठेवले होते. कार्बन निम्म्याहून जास्त शिल्लक होते, बुश मात्र एका बाजूनं खाल्लेला होता. तो आणखी वर्षभरात आर्मेचर घासायला लागला असता. तेव्हा ते काम वाया गेलं असं म्हणता येत नाही. चुकलं ते बेंचवरच्या चाचणीवर विसंबणं. बेंचवर गार सेल्फला आखूड जाड केबलनं पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. तिथे तो फिरला यावरून सेल्फ चांगला आहे एवढंच ठरतं. गाडीत गरम असताना त्याला किती व्होल्ट पोचतात हे ठरत नाही.

बटण बसवणाऱ्याच्या हाती खरं तर सगळ्यात मोठा पुरावा आला होता. थेट वायर दिल्यावर टक वाजायला लागला, म्हणजे चावीची वाट खराब हे तिथेच सिद्ध झालं. आणि टक वाजूनही सेल्फ मंद, म्हणजे आणखी एक दोष शिल्लक हेही. बटण चाचणी म्हणून दहा मिनिटं लावलं असतं तर निदान त्याच दिवशी झालं असतं. ते कायमचं बसवलं गेलं आणि पुरावा डॅशबोर्डवर पडून राहिला.

आमच्या बाजूनं एक प्रश्न उरतो: गार गाडीवर १.६ व्होल्ट सापडल्यावरही गाडी त्याच अवस्थेत यार्डात पाठवणं योग्य होतं का? त्या पहाटे पुतण्याला आणखी एकदा हमालांच्या तोंडाला लागावं लागलं. भाडं लांबचं असतं किंवा चालवणारा एकटा असता तर पट्टी आधी बदलून चावीची वाट नंतर दुकानातच गरम करून मोजली असती. इंजिन तासभर चालवून, रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून तापमानावर नजर ठेवत तेही जमतं; फक्त लोड ओढल्यावर सेल्फ जितका तापतो तितका तसा तापत नाही, आणि काठावरचा दोष नेमका त्या फरकात निसटू शकतो.